चाचणीकाकांनी लॅपटॉप घेतला

कोणतीही वस्तू मोडल्याशिवाय तिची ताकद कळत नाही, यावर चाचणीकाकांचा गाढ विश्वास होता आणि या विश्वासाचा त्यांना दरमहा पगार मिळत असे. ते ज्या प्रयोगशाळेत कामाला होते तिथे खुर्च्या, शिड्या, दोर, हेल्मेटं, बाबागाड्या असं काय काय मोडलं जाई. वस्तू यंत्रात अडकवायची, भार वाढवत जायचा आणि कडाड् असा आवाज झाला की आकडा लिहून घ्यायचा. एरवी माणसं वस्तू मोडली की हळहळतात. काकांच्या चेहऱ्यावर मात्र त्या क्षणी अशी काही शांती पसरायची की बघणाऱ्याला हेवा वाटावा. आता हिच्याबद्दल शंका उरली नाही, असं ते म्हणत.

ही शांती ते घरीही घेऊन येत, हीच अडचण होती. पाहुण्याला खुर्ची देण्याआधी काका स्वतः तिच्यावर दाणकन बसून बघत, आणि पाहुण्याला वाटे की यजमान रागावले आहेत. नवी छत्री ते दुकानातच उलटी करून बघत. बायको एका दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. घाबरलेल्या माणसांना दिवसभर ‘काही होत नाही’ असं सांगण्याची तिला सवय होती, आणि घरीही ती बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवायची.

पण काल जे झालं त्याला ‘काही होत नाही’ पुरेसं नव्हतं. त्यांची मुलगी, जी बापापेक्षा उंच झाली तरी घरात बारकीच राहिली होती, तिला ॲनिमेशनच्या कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी स्वतः तयार केलेली एक छोटी फिल्म आज संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायची होती. त्या फिल्मवरच प्रवेश मिळणार की नाही ते ठरणार होतं. शिवाय पुढे अभ्यासाला दणकट गेमिंग लॅपटॉप लागेल, असं कॉलेजने कळवलंच होतं. राक्षस मारायला जी ताकद लागते तीच चित्रं हलवायलाही लागते, हे बारकीने बापाला अनेकदा समजावलं होतं. तेव्हा लॅपटॉप घ्यायचा हे ठरलेलं होतं, आणि त्याला अख्खी सुट्टी पडली होती.

काकांनी मात्र विचार केला की नवा किती दणकट हवा हे ठरवायचं, तर जुना नेमका किती अशक्त आहे ते आधी कळायला हवं. विचार शास्त्रशुद्धच होता. म्हणून काल, बारकी आंघोळीला गेलेली असताना आणि टेबलावरचा जुना संगणक तिच्या फिल्मचा शेवटचा प्रसंग तयार करत असताना, काकांनी त्याच्यावर भार वाढवला. घरातले होते नव्हते ते सगळे फोटो उघडले, सगळी गाणी एकदम लावली, मग व्हायरस शोधायला लावला. कडाड् असा आवाज आला नाही. आतला पंखा थांबला, जळल्यासारखा वास आला आणि पडदा काळा झाला. सवयीप्रमाणे काकांनी खिशातलं पेन काढलं, आणि तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली.

बारकीचं काम सुदैवाने बाहेरच्या डिस्कवर होतं, त्यामुळे शेवटचा प्रसंग सोडून बाकी सगळं वाचलं. ती ओरडली नाही आणि रडलीही नाही. लहानपणापासून ‘ए बाबा, तू’ म्हणणारी मुलगी काल संध्याकाळपासून ‘तुम्ही’ म्हणायला लागली, एवढंच. काकांनी आजवर पुष्कळ गोष्टी तुटताना ऐकल्या होत्या, पण या एका शब्दाने त्यांना रात्रभर झोप लागू दिली नाही.

सकाळी दुकान उघडायला वेळ होता, आणि इमारतीत बातमी पसरायला तेवढा वेळ पुरतो. खालच्या मजल्यावर व्यायामशाळा चालवणारे जिमवाले भाऊ आले आणि लॅपटॉप कसा निवडावा ते सांगून गेले. उचलून बघायचा. दंडाला ओढ बसली तर घ्यायचा, नाही तर खाली ठेवायचा. समोरच्या विमावाल्या वहिनी चपला घालायलाही न थांबता आल्या. जुन्या संगणकाचा विमा होता का, हे त्यांनी मृदू आवाजात विचारलं, आणि असता तरी घरातल्याच व्यक्तीने जाणूनबुजून केलेलं नुकसान त्यात धरत नाहीत, हेही तितक्याच मृदूपणे सांगितलं. ‘जाणूनबुजून’ हा शब्द काकांना लागला. ती चाचणी होती, असं ते म्हणाले. चाचणीही धरत नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मग वहिनी आणि भाऊ यांचं आपसातच जुंपलं. वहिनींचं म्हणणं की कळांखाली रंगीत दिवे असलेला लॅपटॉप घेऊ नये, मुलांचे डोळे जातात. भाऊंचं म्हणणं की दिवे असले की अंधारात ठेच लागत नाही. यात सकाळ निम्मी गेली. बारकी दारात पाठपिशवी लावून उभी होती आणि कुणाकडेही बघत नव्हती. शेवटी निघाले तेव्हा भाऊही बरोबर निघाले, कारण उचलून बघायला माणूस लागणार होता.

दुकानात गेमिंग लॅपटॉपांचा कोपरा वेगळा होता. भिंती काळ्या, उजेड कमी, आणि प्रत्येक लॅपटॉपच्या कळांखालून लाल, निळे, जांभळे दिवे एकमेकांचा पाठलाग करत होते. एकाला हिंस्र जनावराचं नाव, दुसऱ्याला वादळाचं, तिसऱ्याला कसल्याशा शस्त्राचं. काकांना हे मुळीच पसंत पडलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी इतक्या शिड्या मोडल्या, पण कुठल्याही शिडीला कुणी वाघ म्हटलेलं नव्हतं.

बारकी सरळ एका लॅपटॉपपाशी जाऊन उभी राहिली. हाच हवा, वर्षभर बघून ठेवलाय, असं तिने सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट इथे संपली असती. पण बघणं वेगळं आणि तपासणं वेगळं, असं काका म्हणाले. तपासणी कालच झाली की, असं बारकी म्हणाली. काकांनी मान फिरवून विक्रेत्याकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टातला तो तरुण मघापासून नुसता हसत उभा होता.

“हा किती भाराला मोडतो?” काकांनी विचारलं.

“हा मोडत नाही, सर.”

“सगळंच मोडतं. कधी ते विचारतोय.”

हा प्रश्न त्याला प्रशिक्षणात शिकवलेला नसावा. तो लॅपटॉपच्या गुणांकडे वळला. हा काय काय करू शकतो याची मोठी यादी त्याने तोंडपाठ म्हणून दाखवली. काकांनी ती ऐकून घेतली आणि हा काय करू शकत नाही ते विचारलं. मग त्याने इतर ग्राहकांनी दिलेल्या चांदण्या दाखवल्या. ज्यांचा अजून मोडलेला नाही त्यांनीच चांदण्या दिल्या असणार, हे काकांनी त्याच्या लक्षात आणून दिलं. नवा खोका उघडून दाखवा म्हटलं, तर बिल झाल्याशिवाय खोका उघडत नाहीत आणि उघडलेला खोका परत घेत नाहीत. दरम्यान जिमवाले भाऊ कोपऱ्यातला एकेक लॅपटॉप उचलून खाली ठेवत होते, त्यामुळे चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या तारा ताणल्या जाऊन दर वेळी एक शिट्टी वाजत होती.

बारकीने घड्याळाकडे पाहिलं. नवा लॅपटॉप घेतला तरी तो आधी तासन्तास स्वतःचीच तयारी करत बसणार, हे तिला ठाऊक होतं. मांडलेला नमुन्याचा लॅपटॉप मात्र चालू होता. यांचं ठरेपर्यंत मी यावर माझं काम लावू का, असं तिने विक्रेत्याला विचारलं. बाहेरची डिस्क लावायची तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागते, असं कळलं. काकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक बाई भेटल्या, आणि ही परवानगी दुकानच देतं, असं त्यांनी सांगितलं. दुकानाने सांगितलं की मुख्य कार्यालयच देतं. पुन्हा बासरी. शेवटी आतल्या खोलीतून व्यवस्थापक हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद घेऊन बाहेर आले. त्यांनी बारकीचा चेहरा पाहिला, मी अजून जेवतोय असं समजा, असं विक्रेत्याला सांगितलं आणि पुन्हा आत गेले.

डिस्क लागली आणि काम सुरू झालं. फिल्ममध्ये एक कापडी शर्ट होता आणि त्याची प्रत्येक घडी, प्रत्येक चुणी यंत्राला स्वतंत्र वळवावी लागत होती. काकांना यापेक्षा जास्त काही माहीत नव्हतं, कारण बारकीने फिल्म त्यांना कधी दाखवलीच नव्हती. अर्धवट वस्तू बापाच्या हाती द्यायची नाही हे तिला लहानपणीच कळलेलं होतं. पडद्यावर दाराच्या उंबऱ्यावर टेकलेली एक बाही तेवढी दिसत होती, आणि खाली एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. संध्याकाळच्या आत होईल, असं बारकी पुटपुटली, आणि कालपासून पहिल्यांदा तिचे खांदे जरा सैल पडले.

तेवढ्यात तिला कॉलेजच्या कार्यालयातून फोन आला. अर्जावरच्या फोटोत तिचा एकच कान दिसत होता. दोन्ही कान दिसणारा फोटो आजच पाठवला नाही तर अर्ज पुढे जाणार नव्हता. फिल्म कितीही चांगली असली तरी कानाशिवाय ती बघता येणार नव्हती. फोटो काढायला उजेड हवा म्हणून बारकी भाऊंना घेऊन दाराबाहेर गेली. जाताना ती बापासमोर थांबली.

“कशालाही हात लावू नका.”

“मी कशाला लावतोय?” काका दुखावून म्हणाले, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून बोलत होते.

ते हात मागे बांधून उभे राहिले. हिरवी पट्टी सरकत होती. पण त्यांच्या सरावलेल्या डोळ्याला दिसत होतं की या यंत्राला जरासुद्धा कष्ट पडत नाहीयेत. पंख्याचा आवाज नाही, तापणं नाही, कुरकुर नाही. अशी वस्तू समोर असताना हात मागे ठेवणं म्हणजे काय, हे ज्याला तो धंदा माहीत आहे त्यालाच कळेल. शिवाय घेणार तर हाच होता. पुढे ऐन परीक्षेत मोडला तर? म्हणजे काळजी बारकीचीच होती. काकांनी पडद्यावरचं एक चित्र बोटाने हळूच दाबलं.

ते चित्र दुकानातल्या सगळ्यात जड खेळाचं निघालं. एकदम तुतारी वाजली, पडदाभर काळी गुहा पसरली आणि तिच्यातून दात विचकत एक राक्षस थेट काकांच्या अंगावर आला. कळांखालचे दिवे लालभडक झाले. पंखा घोंघावायला लागला. आजूबाजूची गिऱ्हाइकं जमली आणि ‘काका, डावीकडे पळा’, ‘काका, कुऱ्हाड उचला’ असे सल्ले यायला लागले. काकांना पळायचंही नव्हतं आणि कुऱ्हाडही नको होती, त्यांना फक्त बंद करायचं होतं. ते मेले. खेळाने त्यांना लगेच जिवंत केलं आणि राक्षस पुन्हा आला. धोका दिसला की आधी वीज तोडायची, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. काकांनी वाकून भिंतीतली पिन उपटली.

पण हा लॅपटॉप होता, त्याच्या पोटात बॅटरी होती. तो बंद पडला नाही. फक्त वीज गेल्याबरोबर त्याचं सगळं अवसान गळालं. राक्षस आता दम लागल्यासारखा एकेक पाऊल टाकत येऊ लागला, आणि त्या गुहेच्या मागे कुठेतरी हिरवी पट्टी जागच्या जागी थांबली. चूक लक्षात येताच काकांनी घाईघाईने खाली दिसली ती पिन उचलून लावली, ती शेजारच्या लॅपटॉपची निघाली.

बारकी आत आली तेव्हा तिचे दोन्ही कान केसांतून बाहेर काढलेले होते. गर्दी बाजूला झाली. तिने एक कळ दाबली, राक्षस गेला. खरी पिन शोधून लावली. मग हिरव्या पट्टीकडे पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि मान न वळवता म्हणाली, “तुम्ही बाहेर जाऊन बसा.”

काका बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्यांना भीती वाटत होती. लाज तर वाटत होतीच, पण तिची त्यांना सवय होती. ही भीती निराळी होती. आपण आपल्या मुलीचं वर्ष मोडलं, आणि ते मोडेपर्यंत आपल्याला कळलं नाही की ते तिथे होतं, असं त्यांना वाटलं. भाऊ शेजारी येऊन बसले आणि दोन्ही कान छान आले आहेत, असं म्हणाले. काकांनी बायकोला फोन लावला. ती आधी नेहमीप्रमाणे ‘काही होत नाही’ म्हणाली, मग काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“मग बाहेर काय करताय?” ती म्हणाली. “आत जा.”

काका आत गेले तेव्हा बारकीचा चेहरा पांढरा पडला होता. हिरवी पट्टी पुन्हा धावत होती, पण पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं घड्याळ उलटं चालू लागलं होतं. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. त्याने सांगितलं की गिऱ्हाइकं नमुन्याच्या लॅपटॉपांवर वाटेल ते करून ठेवतात, म्हणून हे सगळे लॅपटॉप दर दुपारी आपोआप बंद होतात आणि पुसून कोरे होतात. ते दुकानाला थांबवता येत नाही. पुन्हा सगळं लावून सुरुवात करायची तर संध्याकाळ हातातून जाणार होती, आणि हे बारकीला कुणी सांगायची गरज नव्हती.

काकांनी व्यवस्थापकांना बाहेर बोलावलं. “हे कधीच थांबत नाही का?”

“विकला तर थांबतं,” व्यवस्थापक म्हणाले. “मग तो नमुना राहत नाही. पण नमुना कोण घेतो? येणारा जाणारा बडवतो त्याला. हमीही नव्यासारखी नाही.”

काकांनी त्या लॅपटॉपकडे पाहिलं. कळांवरची अक्षरं पुसट झाली होती. कडेला ओरखडे होते. आज सकाळी भाऊंनी तो उचलून आपटला होता आणि आत्ताच स्वतः काकांनी त्याचे हाल केले होते. चाचणी अर्धवट, निकाल हाती नाही, आकडा माहीत नाही. अशी वस्तू जर प्रयोगशाळेत कुणी पास केली असती तर काकांनी त्याला नोकरीवरून काढायला लावलं असतं.

“हाच द्या,” ते म्हणाले.

विक्रेता म्हणाला, सर, खोक्यातला नवा देतो की. काका म्हणाले, हाच. आणि लवकर.

पण घाई असलेल्या माणसाला दुकानात लवकर काही मिळत नाही. बिलासाठी नाव हवं होतं, फोन नंबर हवा होता, ईमेल हवा होता, जन्मतारीख हवी होती. तुम्हाला आमच्या दुकानाबद्दल कुठून कळलं, हेही संगणक विचारत होता आणि उत्तराशिवाय पुढे जात नव्हता. काकांनी बायकोकडून म्हटलं. छपाईचा कागद संपला. भाऊ धावत जाऊन आतून कागदाचा अख्खा गठ्ठा उचलून घेऊन आले, आणि दिवसभरात त्यांच्या ताकदीचा हा पहिला खरा उपयोग झाला. बिल निघालं. व्यवस्थापकांनी लॅपटॉपवर पासवर्ड टाकला, तो चुकला. लाल-जांभळ्या दिव्यांमुळे त्यांना कळा नीट दिसत नव्हत्या. काकांनी दोन्ही हातांची ओंजळ करून कळांवर सावली धरली. कुठल्याही कळेला मात्र त्यांनी स्पर्श केला नाही. व्यवस्थापकांनी एकेक अक्षर सावकाश दाबलं. कोपऱ्यातलं घड्याळ क्षणभर थांबलं आणि नाहीसं झालं. शेजारचे सगळे लॅपटॉप एकामागून एक काळे पडत गेले, आणि हा एकटा चालू राहिला.

बारकी बापाकडे बघत होती. “बाबा, तू खरंच घेतलास?”

“घेतला.”

“न तपासता?”

काकांनी हात खिशात घातले आणि ते बघायला उभे राहिले. हिरवी पट्टी टोकाला गेली. फिल्म चढवायला दुकानाच्या इंटरनेटने पुन्हा सगळ्यांचे फोन नंबर मागितले, दोन्ही कान स्वीकारले गेले, आणि अखेर पडद्यावर ‘मिळाले’ असा एकच शब्द आला. बारकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आता ती रडली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने राहू दिला.

एवढा गोंधळ ज्याच्यासाठी झाला ते बघू तरी, असं व्यवस्थापक म्हणाले. फिल्म दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लागली. वाळत घातलेला एक शर्ट वाऱ्याने दोरीवरून खाली पडतो आणि बाह्या टेकत टेकत जिना चढून घरी जायला निघतो. प्रत्येक मजल्यावर कुणी त्याला तुडवतं, कुणी त्यावर बादली ठेवतं. शेवटी तो आपल्या दाराशी पोचतो आणि एक बाही उंचावून घंटी वाजवतो. इथून पुढचा तो शेवटचा प्रसंग होता.

दार उघडतं. आत बनियनमधला एक पोट सुटलेला माणूस. तो शर्ट उचलतो, उजेडात धरतो, आणि अंगात घालायच्या आधी दोन्ही बाह्या धरून करकचून ओढतो. दुकानात हशा पिकला. भाऊ मांडीवर थाप मारून हसले. काका हसले नाहीत. टीव्हीवर शर्टाची एक बाही खांद्यापासून उसवून त्या माणसाच्या हातात आली, तेव्हा बाकीच्यांचंही हसणं थांबलं. माणूस बाहीकडे बघतो, मग शर्टाकडे. मग तो उंबऱ्यावर बसतो, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करतो, तो जात नाही, पुन्हा करतो. बाही जोडताना सुई बोटात जाते. खूप वेळाने तो शर्ट अंगात घालतो, आणि शर्ट हळूच स्वतःची बटणं लावून घेतो.

हे सगळं तिने कालच्याही खूप आधी कधीतरी रचलेलं होतं, हे काकांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा साफ केला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि वस्तू तपासून झाल्यावर काहीतरी बोलायचं असतं एवढं त्यांना माहीत होतं.

“शिवण वाकडी आली आहे त्याची,” ते म्हणाले.

“त्याला शिवता येत नाही रे,” बारकी म्हणाली. “तरी बसतो शिवत.”